उकाड्याच्या गावातलं थंड इंजिन

पौष वद्य पंचमीला तंजावरजवळच्या तिरुवैयारुत कावेरीकाठी संत-संगीतकार त्यागराजांची आराधना असते. त्यागराज या गावात राहिले ते तंजावरच्या भोसले राजांच्या काळात, त्यामुळे मराठी माणसाला हे गाव अगदीच परकं नाही. स्वतःची गाडी घेऊन गेलेल्यांना आराधनेला जोडून कोडाईकनाल करण्याचा मोह होतो. अडीचशेएक किलोमीटरचा रस्ता, शेवटी घाट आणि वर २,१०० मीटरवर बोचरी थंडी. तिथे वर्षात पहिल्यांदाच हीटर लावला जातो, आणि येतो तो कोमट वारा. दोष डोंगरात झालेला नसतो. बहुतेक वेळा तो खाली मैदानातच, ‘आपल्याकडे याची काय गरज?’ असं म्हणत कुणीतरी करून ठेवलेला असतो.

गैरसमज समजून घेण्याआधी यंत्रणा थोडक्यात पाहू. इंजिनाभोवती फिरून तापलेलं कूलंट डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून जातं, त्याला हीटर कोअर म्हणतात. ब्लोअर त्यावरून हवा फुंकतो आणि ती गरम होऊन आत येते. कूलंट मोठ्या रेडिएटरकडे कधी सोडायचं हे थर्मोस्टॅट ठरवतो. त्याच्या पोटात मेण असतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना ते वितळून फुगतं आणि झडप उघडते. तोवर कूलंट इंजिन आणि हीटर यांच्यातच घुटमळत राहतं, म्हणून इंजिन लवकर तापतं.

गैरसमज १ : उष्ण प्रदेशात थर्मोस्टॅट लागत नाही. काढून टाकला की इंजिन थंड राहतं.

वस्तुस्थिती : सोलापूर-नागपूरपासून तंजावरपर्यंत हे वाक्य गॅरेजमध्ये ऐकू येतं. जरा हिशेब करून पाहा. इंजिनाला नीट चालायला सुमारे ९० अंश हवेत. तिरुवैयारुत जानेवारीची पहाट साधारण २२ अंशांची, म्हणजे ६८ अंश चढायचे. मे महिन्याच्या दुपारी ३८ अंश धरले तरी ५२ उरतातच. आपल्याला घाम फुटतो त्या हवेतही इंजिन गारठलेलंच असतं.

दुसरी गोष्ट. थर्मोस्टॅट तापमान अमुक एका पातळीच्या खाली जाऊ देत नाही. ते किती वर जाऊ द्यायचं, हे रेडिएटर, पंखा आणि वॉटर पंप सांभाळतात. गाडी तापते आहे तर दोष या तिघांत, कूलंटच्या पातळीत किंवा झाकणात शोधायला हवा. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल तर गाडी तापेल हे खरं. पण त्यावर उपाय नवा बसवणं हा आहे. काही इंजिनांत झडप उघडताना आतला आडमार्ग बंद करते. अशा इंजिनातून थर्मोस्टॅटच काढला तर गरम कूलंटचा बराच भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात शिरतो आणि भर गर्दीत गाडी उलट जास्त तापू शकते.

थंड इंजिनाची किंमत पेट्रोलमध्येही मोजावी लागते. तापमान कमी दिसलं की गाडीचा संगणक जास्त इंधन सोडतो. तिरुवैयारु ते तंजावर अंतर जेमतेम बारा किलोमीटरचं. रोजची धाव एवढीच असेल आणि थर्मोस्टॅट नसेल, तर तेल पुरतं तापायच्या आत गाडी पोहोचते. तेलातली वाफ उडून जात नाही आणि तेलाच्या झाकणाखाली मलईसारखा पांढरट थर धरतो.

गैरसमज २ : हीटर गरम हवा देत नाही, म्हणजे एसीचा गॅस संपला.

वस्तुस्थिती : गॅस थंडाव्यासाठी असतो. पेट्रोल-डिझेल गाडीचा हीटर इंजिनाच्या उष्णतेवर चालतो, त्याला गॅस लागतच नाही. हीटरच्या तक्रारीवर कुणी गॅस भरून दिला, तर पैसे गेले आणि दोष जागच्या जागी राहिला.

गैरसमज ३ : हीटर लावला की एसीसारखंच पेट्रोल जळतं.

वस्तुस्थिती : इंधनातल्या ऊर्जेचा मोठा भाग कूलंटमधून आणि धुरातून वायाच जातो. हीटर त्या वाया जाणाऱ्या उष्णतेतलाच थोडा वाटा घेतो. खर्च होते ती ब्लोअरपुरती वीज. म्हणूनच घाटात तापमान चढू लागलं की एसी बंद करून हीटर पूर्ण सोडण्याचा जुन्या चालकांचा सल्ला शास्त्राला धरून आहे, कारण हीटर कोअर हाही एक रेडिएटरच आहे. सुरक्षित जागा मिळेपर्यंतचा तो आधार आहे, दुरुस्ती नव्हे. विजेवर चालणाऱ्या गाडीचा हिशेब वेगळा. तिथे फुकटची उष्णता फारशी नसल्याने हीटर बॅटरीतून वीज घेतो आणि एका चार्जमध्ये कापायचं अंतर घटतं.

गैरसमज ४ : काटा मध्यावर आहे, म्हणजे तापमान बरोबर आहे.

वस्तुस्थिती : चालक उगाच घाबरू नये म्हणून अनेक गाड्यांत काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. खरं तापमान दहा-वीस अंशांनी हललं तरी तो मध्यावरच राहतो. बऱ्याच नव्या गाड्यांत काटाही नसतो. इंजिन थंड असताना निळा दिवा लागतो, फार तापलं की लाल. निळा दिवा खूप वेळ विझत नसेल, किंवा विझून महामार्गावर पुन्हा लागत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकल्याचा संशय घ्यावा. गॅरेजमधल्या स्कॅनरवर नेमका आकडा दिसतो. इंजिन वेळेत तापत नसेल तर पी०१२८ हा दोषक्रमांकही अनेकदा तिथेच सापडतो.

गैरसमज ५ : आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग साधं पाणी चालतं.

वस्तुस्थिती : अर्धं खरं. उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणी कूलंटपेक्षा सरसच आहे. पण गोठण्यापासून वाचवणं हे कूलंटचं एकच काम. गंज रोखणं आणि उकळबिंदू वाढवणं ही दुसरी दोन, आणि उष्ण मुलखात तीच महत्त्वाची. बोअरच्या पाण्यातले क्षार आणि इंजिनातला गंज यांचा गाळ हीटर कोअरच्या बारीक नळ्यांत आधी बसतो. मोठा रेडिएटर अजून काम देत असतो, म्हणून मैदानात काही कळत नाही.

घाटात आणखी एक गोष्ट घडते. कोडाईकनालच्या उंचीवर पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळतं. एरवी रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं, म्हणून निभावतं. झाकणाचं रबर कडक झालं असेल आणि आत साधं पाणी असेल, तर थर्मोस्टॅट उघडण्याचं तापमान आणि उकळी यांच्यात फारसं अंतर उरत नाही. पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं असेल तर समुद्रसपाटीला दाबाशिवायही ते १०६-१०७ अंशांपर्यंत उकळत नाही. मात्र कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड. सांडलेलं लगेच पुसा. कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर जिवावर बेततं.

गैरसमज ६ : सकाळी गाडी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवावी, मगच निघावं.

वस्तुस्थिती : जागेवर इंजिनावर भार नसतो, म्हणून ते फार सावकाश तापतं. डिझेलचं तर विचारूच नका. आजच्या गाडीला सुरू केल्यावर अर्धं मिनिट पुरे. मग पहिले काही किलोमीटर हलक्या पायाने चालवा. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन चालू ठेवूच नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

गैरसमज ७ : तमिळनाडूत हीटरचा उपयोगच काय?

वस्तुस्थिती : कावेरीच्या खोऱ्यात ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो. दारं बंद, माणसं ओली, आणि समोरच्या काचेवर आतून वाफ. एसी हवेतली ओल काढतो आणि हीटर तीच हवा गरम करून काचेवर सोडतो. दोन्ही एकदम लावले की काच झटपट स्वच्छ होते. नुसता गार एसी काचेवर सोडला तर दमट हवेत बाहेरूनच दव धरतं. तेव्हा वायपर फिरवा आणि आतलं तापमान वाढवा. कोअर गळतो म्हणून त्याचे दोन्ही होज एकमेकांना जोडून टाकलेल्या गाडीत हा जुगाड पावसाळ्यातच अंगाशी येतो.

दोष शोधायचा तर क्रम असा ठेवा. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी पाहा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. पातळी कमी असेल तर हीटरच्या वाटेत हवा अडकते आणि डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो. अशा वेळी कूलंट भरून हवा काढावी लागते आणि गळती शोधावी लागते. पातळी ठीक असेल तर इंजिन सुरू करून रेडिएटरचा वरचा होज अधूनमधून चाचपा. बहुतेक गाड्यांत तो बराच वेळ गार राहून मग एकदम तापला पाहिजे. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला आहे किंवा जागेवरच नाही. हात लावताना पट्टा आणि पंखा यांपासून दूर राहा. पंखा कधीही आपोआप फिरू लागतो.

इंजिन तापल्यावर हीटरचे दोन होज तपासा. एक गरम, एक गार असेल तर कोअर तुंबला आहे किंवा वाटेतली झडप बंद आहे. दोन्ही कडक गरम आणि तरी हवा गार, तर डॅशबोर्डमधली गरम-गार हवा मिसळणारी झडप अडकली आहे. हवा गरम पण झोत क्षीण, तर आधी केबिन फिल्टर काढून झटका.

थर्मोस्टॅटची परीक्षा पातेल्यातही होते. दोऱ्याने पाण्यात टांगा, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. अंगावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला हवा आणि गार झाल्यावर मिटायला हवा. ते पातेलं मात्र पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकला एकच प्रश्न विचारा : माझ्या गाडीत थर्मोस्टॅट आहे ना? उत्तर ‘काढून टाकलाय, आपल्याकडे लागत नाही’ असं आलं, तर त्याच दिवशी कंपनीने सांगितलेल्या तापमानाचा नवा बसवून घ्या, आणि मगच घाटाचा बेत करा.