संदर्भांची खतावणी

पेढीची पत तिच्या वह्यांवरून जोखावी, ही आपली जुनी रीत. आज शास्त्रज्ञाची पतही अशीच दोन आकड्यांवरून जोखली जाते : त्याचे शोधनिबंध किती, आणि इतरांनी त्यांचा संदर्भ किती वेळा दिला. आपल्या घरांतील मुलेमुली आता रेणवीय जीवशास्त्र आणि जनुकशास्त्र यांसारख्या विषयांत संशोधनाकडे वळत आहेत. शिष्यवृत्ती, नेमणूक, बढती अशा वळणांवर त्यांना हे आकडे विचारले जातात. म्हणून हा हिशेब कसा मांडतात आणि तो कोठे फसवतो, हे घरातील वडीलधाऱ्यांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

शास्त्रज्ञ ज्यांच्या कामाचा आधार घेतो, त्यांचे निबंध आपल्या लेखाच्या अखेरीस नोंदवतो. ही घेतलेल्या ऋणाची कबुलीच होय. अशा कबुल्या एकत्र करून त्यांची पद्धतशीर सूची अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील युजीन गारफिल्ड यांनी सिद्ध केली. त्यांच्या संस्थेने १९६३ मध्ये जनुकशास्त्राची संदर्भसूची प्रसिद्ध केली. १९६४ मध्ये विज्ञानाच्या विविध शाखांची सूची नियमितपणे सुरू झाली. नोबेल पारितोषिक विजेते जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी या कल्पनेला मोठे पाठबळ दिले. एखाद्या निबंधाचा धागा पकडून त्यावर पुढे झालेले काम शोधता यावे, हा सूचीचा मूळ हेतू. तिच्यावरून माणसे मोजण्याची प्रथा मागाहून बळावली.

या खतावणीतील सर्वांत मोठे खाते पाहू. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील ऑलिव्हर लाउरी आणि त्यांचे तीन सहकारी यांनी १९५१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. द्रावणात प्रथिन किती आहे, हे निळ्या रंगाच्या गडदपणावरून मोजण्याची सोपी रीत त्यात दिली होती. प्रथिनांवर काम करणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेला या मोजमापाची गरज पडे. त्यामुळे जो तो या निबंधाचा संदर्भ देत गेला. २०१४ पर्यंत ही संख्या तीन लाखांच्या वर गेली होती. तरीही हा निबंध काही थोर नव्हे, असे स्वतः लाउरी यांनीच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. त्यांनी बाजाराला एक उत्तम तराजू दिला होता, आणि तराजू प्रत्येक दुकानात लागतो.

याउलट, डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगणारा वॉटसन व क्रिक यांचा १९५३ चा छोटासा निबंध २०१४ च्या त्याच गणनेत पहिल्या शंभरांतही नव्हता. ज्ञान सर्वांच्या मालकीचे झाले की त्याचे देणे वहीत मांडण्याची आठवण कोणाला राहत नाही.

आता जवळजवळ कोरे राहिलेले खाते. ग्रेगॉर मेंडेल यांनी ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्याच्या हजारो रोपांवर आठ वर्षे प्रयोग केले. १८६५ मध्ये त्यांनी निष्कर्ष वाचून दाखवले, १८६६ मध्ये निबंध छापला गेला. ज्या अंकात तो आला, त्याच्या प्रती शंभराहून अधिक संस्थांकडे पोहोचल्या होत्या. तरी पुढील चौतीस वर्षांत त्याचे उल्लेख अगदी मोजकेच झाले. त्यांतील एक १८८१ मध्ये फॉक यांच्या संकरित वनस्पतींवरील ग्रंथात आला. १८८४ मध्ये मेंडेल निवर्तले. १९०० मध्ये द व्रीस, कॉरेन्स आणि चेर्माक या तिघांच्या लेखनातून त्यांचे नियम पुन्हा उजेडात आले, आणि त्या पायावर अवघे जनुकशास्त्र उभे राहिले. १८९० मध्ये कोणी केवळ संदर्भ मोजले असते, तर मेंडेल यांचे खाते बुडीत ठरले असते.

२००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी ‘एच-इंडेक्स’ हे नवे माप सुचवले. किमान दहा वेळा उल्लेखिले गेलेले दहा निबंध असतील, तर अंक दहा. पण एखाद्याच्या नावावर एकच निबंध असेल आणि त्याला तीन लाख संदर्भ मिळाले असतील, तरी त्याचा अंक एकच! शिवाय आकड्याला भाव आला की आकडा फुगवणारेही येतात. स्वतःचेच संदर्भ पुनःपुन्हा देणे, किंवा परस्परांच्या नावे संदर्भांची देवघेव करणे, असे प्रकार घडतात. माल न हलवता दोन पेढ्यांनी एकमेकींच्या नावे बिले फाडावीत, तसाच हा व्यवहार. पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिकेही आहेत.

तेव्हा घरातील संशोधक मुलीला ‘किती निबंध झाले?’ एवढेच विचारून थांबू नये. प्रश्न कोणता हाती घेतला, उत्तर इतरांच्या प्रयोगांतही टिकले का, ते कोणाच्या उपयोगी पडले, हे विचारावे. शुल्क मागणाऱ्या नियतकालिकाला पैसे धाडण्यापूर्वी तिच्या मार्गदर्शकांचा सल्ला घ्यावा. शिष्यवृत्ती देणाऱ्या विश्वस्तांनीही अर्जातील आकड्यांसोबत निदान एक निबंध जाणकाराकडून वाचवून घ्यावा. उलाढाल पाहून भागीदार निवडणाराही माल एकदा हाती घेऊन पाहतोच. संशोधनाच्या बाबतीत ही सवय सोडण्याचे कारण नाही.