दुकाने वेगळी, इंजिन एक

बाजारात एकमेकांचे गिऱ्हाईक ओढणारे कारखानदार आतल्या अंगाने एकमेकांचे पुरवठादार असतात, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. शेतकऱ्याला वाटू नये. बांधावरून कोर्टकचेऱ्या करणारे भाऊबंददेखील सामाईक विहिरीवर पाण्याची पाळी ठरवतातच. कारण दुसरी विहीर खणणे कुणालाच परवडत नसते.

मोटारधंद्यातली अशी एक विहीर आपल्या पुणे जिल्ह्यात, रांजणगावी होती. फियाट कंपनीचे 1248 घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन युरोपात 2003 साली बाजारात आले. मारुतीने 2007 साली ते स्विफ्ट गाडीत बसवले. ते मानेसरला तयार होई. टाटांनी फियाटशी निम्मी भागी करून रांजणगावचा कारखाना चालवला आणि 2008 साली तेच इंजिन इंडिका व्हिस्टात घातले. फियाटच्या पुंटो आणि लिनिया गाड्यांतही तेच. मारुतीचे डीडीआयएस, टाटांचे क्वाड्राजेट, फियाटचे मल्टिजेट: बारसे तीनदा झाले, मूल एकच! पुढे मागणी इतकी वाढली की जानेवारी 2012 मध्ये मारुतीने फियाटकडूनच वर्षाला 1 लाख इंजिने घेण्याचा करार केला. म्हणजे पुंटोशी झुंजणाऱ्या गाडीचे काळीज पुंटोवाल्यानेच पुरवायचे!

यात भोळेपणा नाही, हिशेब आहे. इंजिनाचा मोठा खर्च पहिला नग निघण्याआधीच होतो: आराखडा, साचे, यंत्रे, चाचण्या. तो 1 लाख नगांवर वाटला काय आणि 3 लाखांवर वाटला काय, दर नगाला फरक पडणारच. स्पर्धा उरते ती किमतीत, बांधणीत आणि दुरुस्तीच्या सोयीत. कायद्याची रेघही तिथेच आहे. इंजिन वाटून घेणे हा सहसा गुन्हा नव्हे. संगनमताने भाव ठरवायला 2002 च्या स्पर्धा कायद्याने मनाई आहे.

आता कामगाराचे पाहू. इंजिन जोडणाऱ्याची रोजी प्रतिस्पर्ध्याच्या दुकानातल्या गर्दीवरही अवलंबून असते. पण पगाराच्या बोलणीला बसलो की आम्ही कुठल्याही धंद्यात एकच पालुपद ऐकतो: ‘समोरचा स्वस्तात माल काढतो, आम्हांला परवडत नाही.’ खरेदीच्या वेळी सहकार, पगाराच्या वेळी स्पर्धा!

1 एप्रिल 2020 पासून धुराचे नवे नियम लागू झाले आणि या इंजिनाचा इथला संसार आटोपला. असे दिवस येतात तेव्हा मालकाजवळ पुढच्या मालाचा आराखडा असतो. कंत्राटी कामगाराजवळ गेटपास असतो, आणि तोही परत करावा लागतो.

2011 साली मानेसरला मोटार जोडणाऱ्यांच्या पाठिंब्यासाठी इंजिन करणारे कामगारही संपावर गेले. साखळीची कडी कुठे आहे हे त्यांनी ओळखले होते. पण ती घरे एकाच मालकाची होती. प्रतिस्पर्धी कारखान्यांतल्या युनियनांनी निदान एवढे करावे: पगारपत्रके, कंत्राटाच्या अटी आणि येणाऱ्या मागणीचे आकडे एकमेकांना दाखवावेत. मालक इंजिन वाटून घेतात. आपल्याला माहिती वाटून घ्यायला कोण अडवतो?