बांध नेमका कुठे?

सातबारा हातात असला की शेत पक्कं झालं, असं आपण धरून चालतो. पण उताऱ्यावर असतं नाव, क्षेत्र आणि पीकपाणी. ते क्षेत्र जमिनीवर कुठून सुरू होतं नि कुठे संपतं, हे त्यात कुठेच नसतं. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातलं टिपण काढावं लागतं.

मुंबई इलाख्यात १८३०च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून जी पद्धत बसवली, तिची हत्यारं साधी होती: शंकू आणि साखळी. साखळी ३३ फुटांची, तिचे भाग सोळा आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद जागा म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. शेताच्या पोटातून एक सरळ रेषा धरायची. काठीवरच्या शंकूच्या काटकोनातल्या खाचांतून बघत त्या रेषेपासून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंतचं अंतर मोजायचं आणि आकडे टिपणात मांडायचे. त्रिकोण, चौकोन पडले की क्षेत्र निघतं.

आज मोजणीचा अर्ज केला की लगतधारकांना नोटिसा जातात आणि भूकरमापक रोव्हर घेऊन येतो. उपग्रहांच्या मदतीने हे यंत्र आपण उभे आहोत ती जागा अगदी अचूक सांगतं. जुनी हद्द मात्र त्याला ठाऊक नसते. म्हणून आधी जुना दगड, विहीर, न हललेला बांध अशा खुणा शोधून नकाशा जमिनीवर बसवावा लागतो. माझ्या मते खरी मोजणी हीच; पुढचं काम यंत्राचं.

मग मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत मिळते. तिच्यावर मोजणीची हद्द आणि वहिवाट दोन्ही दाखवलेल्या असतात, आणि भांडण त्या दोहोंमधल्या पट्टीचं असतं. ३३० फुटांचा बांध शेजाऱ्याने फूटभर कोरला, तर जवळजवळ पाच आणे, म्हणजे गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं कमी जातं. दर नांगरटीला चार बोटं सरकलेला बांध डोळ्यांना कळतही नाही.

मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठांकडून निमताना मोजणी मागता येते. भूकरमापक हद्द दाखवतो, खुणा करून देतो. गेलेला ताबा मिळवून देणं त्याच्या हातात नाही. त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि तिथे हीच ‘क’ प्रत पुढे ठेवली जाते.