धातूचा बाक आणि धातूची इजा

तार थोडी वाकवून सोडली की सरळ होते. जरा अधिक वाकवली की बाक राहतो. पुढेमागे वाकवीतच राहिलो तर तुटते. एवढे आपण सारेच जाणतो. परंतु बाक राहणे आणि आतून इजा होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली कधीकधी दुसरीला आवर घालते, हे सहसा ध्यानात येत नाही. विमानविद्येला हे अज्ञान फार महाग पडले.

10 जानेवारी 1954 रोजी रोमहून लंडनला निघालेले कॉमेट विमान एल्बा बेटाजवळ आकाशातच फुटले; 35 माणसे गेली. एप्रिलात दुसरे कॉमेट नेपल्सजवळ समुद्रात पडले. दोहोंचीही उड्डाणे 1,300 च्या आतच. नवल असे की, चाचणीसाठी घेतलेल्या याच बनावटीच्या सांगाड्याने 16,000 वेळा हवेचा दाब सोसला होता! पुढे फार्नबरो येथे एक वापरलेले कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात वारंवार दाब भरला, तेव्हा ते जुनी उड्डाणे धरून 3,057 व्या फेरीला फाटले.

मर्म असे होते. चाचणीच्या सांगाड्याला आधी नेहमीच्या दुपटीपर्यंत दाब दिलेला होता. त्यायोगे खिडकीच्या कोपऱ्याजवळचा पत्रा कायमचा ताणला गेला. दाब उतरताच भोवतालचा पत्रा मूळपदावर येऊ लागला आणि त्याने या वाढलेल्या भागाला चेपून धरले. पुढे दर वेळी दाबाला आधी ही चेपण फेडावी लागे. उरेल तेवढाच ताण इजा करी. प्रवासी विमानांना हे चिलखत लाभलेच नव्हते.

मायनर यांनी 1945 साली मांडलेला हिशेब साधा होता : प्रत्येक भार आयुष्याचा काही अंश खातो, अंशांची बेरीज एक झाली की वस्तू मोडते. पण बेरजेत क्रम दिसत नाही, आणि कॉमेटचे सारे रहस्य क्रमातच होते.

1958 साली सोव्हिएत शास्त्रज्ञ कचानोव यांनी तप्त धातूच्या संदर्भात एक सुटसुटीत कल्पना सुचविली. बारीक पोकळ्यांनी छेदाचा पाचवा हिस्सा निकामी झाला, तर तोच भार उरलेल्या चार हिश्शांवर पडतो. ताण सव्वापट होतो, आणि तो वाढीव ताण आणखी इजा करतो. आजचे संगणकी हिशेब वस्तूच्या लहान लहान भागांपाशी दोन खाती ठेवतात, एक बाकाचे, एक इजेचे, आणि एकातली नोंद दुसऱ्यात नेतात. बाक पट्टीने मोजता येतो. इजा मात्र आडमार्गाने काढावी लागते : नमुना पुन्हा ओढून पाहायचा आणि त्याचा ताठपणा पूर्वीपेक्षा किती उणा झाला ते मांडायचे.