जवळची टाकी, अरुंद वाहिनी

मोहने येथे उल्हास नदीवर बंधारा आहे. तेथे उपसलेले पाणी शुद्ध होऊन कल्याण-डोंबिवलीच्या वस्त्यांकडे जाते. पण आपण सकाळी नळ सोडतो, तेव्हा पाणी काही त्याच क्षणी मोहन्याहून निघत नाही. ते जवळच्या उंच टाकीत आधीच भरून ठेवलेले असते. विद्यापीठांच्या आवारात संगणकांचे जाळे उभारताना हीच युक्ती उपयोगी पडली.

भारतातील शिक्षणसंस्थांना जोडणाऱ्या ‘अर्नेट’चा आरंभ १९८६ साली झाला. मुंबईत जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेतून १९८९ मध्ये अमेरिकेशी जी वाहिनी जोडली गेली, ती सेकंदाला अवघे ९,६०० बिट वाहून नेई. टपालापुरते ते ठीक होते. पुढे वेब आले, पानांवर चित्रे आली आणि रुंदावलेल्या वाहिन्याही तुंबू लागल्या.

हिशेब करून पाहू. समजा, एका महाविद्यालयाची वाहिनी सेकंदाला ६४,००० बिटांची, म्हणजे ८,००० बाइटांची आहे. २,४०,००० बाइटांचे चित्र यायला ३० सेकंद लागतील. वर्गातील ४० जणांनी तेच चित्र मागितले, तर २० मिनिटे वाहिनी अडली!

यावर उपाय म्हणून सर्वांच्या मागण्या आवारातल्याच एका संगणकामार्फत बाहेर पाठवतात. हा ‘प्रॉक्सी’. आलेल्या पानाची प्रत तो आपल्याजवळ ठेवतो. या साठ्याला ‘कॅश’ म्हणतात. (रोख रकमेशी याचे नाते नाही, ‘लपवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हा शब्द आला.) आता पहिल्याला ३० सेकंद थांबावे लागेल, उरलेल्या ३९ जणांना चित्र जवळूनच मिळेल. येथे कॅश टाकीवरही मात करते, कारण वापरलेले पाणी संपते, प्रत मात्र तशीच राहते.

मग साठा केवढा ठेवावा? थोडी पाने पुन्हापुन्हा मागितली जातात, तर असंख्य पाने एखाद्याच वेळी. त्यामुळे साठा दुप्पट केला म्हणून फायदा दुप्पट होत नाही. माझ्या मते डिस्क विकत घेण्यापूर्वी पंधरा दिवसांच्या मागण्यांची नोंद तपासावी. साठा भरला की बहुधा सर्वांत जास्त काळ न मागितलेले पान काढून टाकतात.

खरी पंचाईत शिळ्या प्रतीची. निकाल लागला आहे आणि प्रॉक्सी कालचेच पान दाखवतो आहे, तर विद्यार्थ्यांनी काय करावे? म्हणून प्रॉक्सी मूळ ठिकाणी विचारतो, ‘अमुक वेळेनंतर पान बदलले का?’ बदलले नसल्यास ‘३०४’ एवढ्या क्रमांकाचे छोटे उत्तर येते; सबंध पान पुन्हा आणावे लागत नाही.

आज बहुतेक पाने सांकेतिक रूपात, जणू लाखबंद पाकिटातून येतात. मधल्या प्रॉक्सीला आतला मजकूर वाचता येत नाही, मग प्रत ठेवणार कशाची? त्यामुळे टाकीची जागा बदलली. मोठ्या कंपन्या मुंबईसारख्या शहरांतील आपल्या संगणकांत प्रती ठेवतात. काही तुमच्या ब्राउझरमध्येही राहतात. चित्रांनी भरलेले एखादे नवे पान लागोपाठ दोनदा उघडा आणि दोन्ही वेळा किती सेकंद लागले ते वहीत लिहून ठेवा.