धुलाई यंत्रात पाणी तुंबले तर



ऊस विकास विभागाच्या या पानावर लागण, खोडवा, हुमणी हेच विषय असायचे. ‘साहेबांना यावेळी काय झाले’ असे कोणी म्हणेल. पण गेल्या हंगामात गटात फिरताना तीन-चार घरी एकच तक्रार ऐकली की कपडे धुवायचे मशीन पाणी सोडत नाही. आणि मग ते आमच्याच घरी घडले.

आमचे यंत्र वरून कपडे टाकायचे, पूर्ण स्वयंचलित. न्हाणीघराची फरशी नवीन घातली आणि पहिल्याच धुण्याला मंडळी म्हणाल्या, “अहो, पाणी जाईना!” टब भरलेला, कपडे बुडालेले, यंत्र पिर्र पिर्र ओरडतेय. शेजारचे अण्णा आले. म्हणाले, “नळी खिडकीला टांगा, आमची तशीच आहे.” टांगली. थेंब गेला नाही. तालुक्याच्या मेकॅनिकला फोन केला, तर त्याने न बघताच ‘आतली मोटर गेली, बदलावी लागेल’ असे सांगून टाकले.

मग मी बाही सारून टबात हात घातला, तळाशी काही अडकलेय का बघायला. बटन बंद केलेच होते. तरी हाताला झिणझिण्या आल्या. हात कसा बाहेर आला ते माझे मलाच कळले नाही. नंतर वायरमनने पाहिले तेव्हा बोर्डावर फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले निघाले. म्हणजे बटन बंद करूनही यंत्रात वीज होतीच. अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत. विहिरीवरच्या मोटरला अर्थिंग करा म्हणून मी गावोगाव सांगतो, आणि माझ्या घरी ही तऱ्हा! तेव्हा पहिले काम हे की पिन सॉकेटमधून उपसून बाजूला ठेवावी. बटनावर विश्वास नको. त्याआधी पाण्यात कोणी हात घालायचा नाही, घरच्या बायामाणसांनाही हे सांगून ठेवा.

साचलेले पाणी काढायला मेकॅनिक लागत नाही. दंडातून सरीत पाणी घ्यायला आपण सायफन लावतो, तेच इथे करायचे. साध्या नळीत पाणी भरून दोन्ही तोंडे अंगठ्याने दाबावीत, एक टोक टबात बुडवावे, दुसरे मोरीत खाली सोडावे.

आता कारण. या यंत्रांचे दोन प्रकार आहेत. काहींत पाणी बाहेर ढकलणारा पंप असतो, त्यांची नळी कमरेएवढी वर नेतात. अण्णांचे यंत्र त्यातले. पण आपल्याकडची बरीचशी वरून कपडे टाकायची यंत्रे पंपाशिवाय चालतात. तळाची झडप उघडते आणि पाणी आपल्या वजनाने उताराला जाते. पाणी सोडायच्या वेळी सलग घुं आवाज आला तर पंप समजावा. नुसता खट्‌ आवाज होऊन पाणी वाहू लागले तर झडप. झडपवाल्याची नळी जमिनीसरशीच हवी. माहितीपुस्तिकेत उंची दिलेली असते ती पाहावी. आमची नवी फरशी जुनीपेक्षा सहा बोटे वर आली होती, त्यामुळे नळीला उंबरठा चढून जावे लागत होते. शेतातला चर बांधापेक्षा खोल असला तर पाणी जाणार कुठे? वर मी ती खिडकीला टांगून बसलो होतो.

नळी सरळ असूनही पाणी गेले नाही तर ती काढून बादलीवर उपडी करावी. घड्या असलेल्या त्या नळीत काळ्या रानाचा गाळ बसतो. एका सभासदाच्या नळीतून गाळाबरोबर पोत्याची सुतळी आणि पाचटाची चिरफाळी निघाली. ऊसतोडीचे कपडे आधी झटकावेत, खिसे उलटे करावेत. नळीचे टोक मोरीच्या पाण्यात बुडलेले नको.

दोन टबांच्या अर्धस्वयंचलित यंत्रात झडप बाहेरच्या खुंटीने ओढली जाते. खुंटी सैल फिरत असेल तर आतली पट्टी तुटलेली असण्याचा संभव जास्त. पट्टी शाबूत असेल तर वीज नसतानाही त्यातले पाणी निघते. पूर्ण स्वयंचलितात मात्र झडप विजेवर उघडते. भारनियमनात पाणी साचून राहिले तर तो बिघाड नव्हे, वीज येईपर्यंत थांबावे. दाब फार कमी असला तरी झडप पुरती उघडत नाही. हे सर्व पाहून झाल्यावरच मेकॅनिकला बोलवावे.

आम्ही फरशी फोडली नाही. यंत्राखाली लोखंडी स्टँड घातला, पाणसळ लावून चारी पाय सारखे केले आणि नळीला उतार दिला. मेकॅनिक आलाच नाही. वायरमनने जोडणी सुलटी केली आणि ३० मिलिअँपियरचा गळती-रोधक स्विच बसवला. अर्थिंगच्या खड्ड्यात आता दर रविवारी दोन बादल्या पाणी मीच ओततो.