बुडबुडे थांबले तरी आंबवण टाकू नये

पाव फुगवण्यासाठी बाजारातून यीस्टची पुडी आणायची, ही रीत फार जुनी नाही. अमेरिकेत फ्लाइशमन बंधूंचा यीस्टचा व्यवसाय १८६८ मध्ये सुरू झाला आणि पुढे कारखान्यातले यीस्ट भटारखान्यांत रुळले. त्यापूर्वी हजारो वर्षे पाव फुगत आला तो आंबलेल्या पिठावर, नाहीतर मद्याच्या फेसावर. गोव्याच्या पोदेरांनी त्यासाठी माडाची सूर वापरली. आंबलेल्या पिठावरचा पाव 'सावरडो' या नावाने शहरांतील बेकऱ्यांत दिसू लागला आहे. २०२० च्या टाळेबंदीत यीस्ट मिळेनासे झाले, तेव्हा तो घरी करण्याची हौस जगभर वाढली. या पावाचे मूळ म्हणजे त्याचे आंबवण. ते करायला पीठ आणि पाणी एवढेच लागते. तरीही पहिल्याच आठवड्यात बरणी मोरीत रिकामी करण्याची वेळ अनेकांवर येते. याचे कारण बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी दडलेले असते.

दह्याला विरजण लागते. येथे मात्र विरजण शून्यातून तयार करायचे असते. शून्यातून म्हणणेही तसे चूकच, कारण यीस्ट आणि जिवाणू दोन्ही पिठातच असतात. गव्हाच्या कोंड्यावर त्यांची संख्या अधिक असल्याने मैद्यापेक्षा चक्कीवरचे पीठ आरंभाला चांगले. पन्नास ग्रॅम पीठ आणि तेवढेच पाणी काचेच्या बरणीत कालवून झाकण सैल ठेवावे. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर ते रात्रभर उघडे ठेवून मग घ्यावे. दुसऱ्या दिवसापासून रोज त्यातील पन्नास ग्रॅम ठेवून बाकीचे काढून टाकावे आणि पुन्हा पन्नास-पन्नास ग्रॅम पीठ व पाणी घालावे.

दुसऱ्याच दिवशी बरणी भरभरून फुगली की घरात आनंद होतो. तो अकाली असतो. हा वायू यीस्टचा नसून, आम्ल वाढण्याआधी ज्यांचे फावते अशा जिवाणूंचा असतो. त्यांत ल्युकोनोस्टॉक कुळातील जिवाणूही असतात. इडलीचे पीठ फुगवण्यातही त्यांचाच हात असतो. या काळात वासही नकोसा येतो. पुढे लॅक्टिक आम्ल साचत जाते, मिश्रणाचा सामू साडेचारच्या खाली उतरतो आणि आरंभीचे हे पाहुणे मागे पडतात. बुडबुडे थांबतात. बरणी निपचित पडते. आंबवण मेले अशी समजूत होते ती नेमकी याच टप्प्यावर. प्रत्यक्षात आम्ल सोसणारे यीस्ट आणि लॅक्टोबॅसिलस गटातील जिवाणू तेव्हा आपली संख्या वाढवत असतात. नेमाने पीठ-पाणी घालत राहिल्यास आठवड्या-दोन आठवड्यांत बरणी पुन्हा जागी होते. वासही फळासारखा, ताकासारखा आंबूस होतो.

यीस्ट आणि जिवाणू एका बरणीत सुखाने कसे नांदतात, याचा उलगडा १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील लिओ क्लाइन आणि टी. एफ. सुगिहारा या संशोधकांच्या कामातून होऊ लागला. सॅन फ्रान्सिस्कोच्या आंबट पावातून त्यांनी एक जिवाणू वेगळा केला आणि त्याला त्या शहराचेच नाव मिळाले. हा जिवाणू पिठातील माल्टोज शर्करेवर जगतो. त्याच्या सोबतचे यीस्ट माल्टोजला स्पर्शही करत नाही. उलट जिवाणूने बाहेर टाकलेले ग्लुकोज त्याच्या उपयोगी पडते. पुढे हाच जिवाणू इटली-फ्रान्समधील आंबवणांतही आढळला. तेव्हा दूरदेशीचे 'दीडशे वर्षांचे' आंबवण मोठी किंमत देऊन आणण्यात फारसा अर्थ नाही. रोज घातल्या जाणाऱ्या पिठाबरोबर नवे जीव त्यात येतच राहतात.

आंबवण तयार झाले की नाही, हे दिवस मोजून ठरवू नये. पीठ-पाणी घातल्यावर पातळीच्या खुणेसाठी बरणीला रबर बँड लावावा. चार ते सहा तासांत मिश्रण दुप्पट होत असेल आणि सलग तीन दिवस हे घडत असेल, तरच त्याच्यावर पाव सोपवावा. चमचाभर आंबवण पाण्यात तरंगते का, ही चाचणी लोकप्रिय आहे. परंतु कोंड्याचे जड पीठ चांगले आंबूनही बुडू शकते.

परदेशी पाककृतींतील वेळा मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात जशाच्या तशा पाळणे घातक ठरते. तेथे वीस-बावीस अंश सेल्सिअस गृहीत धरलेले असते. आपल्या ओट्यावर एप्रिल-मे महिन्यांत तीस अंशांच्या वर पारा असतो. आंबवण तीन-चार तासांत फुगून खाली बसते आणि उरलेला दिवस उपाशी राहते. वर साचणारे काळपट पाणी, नेलपॉलिशच्या द्रवासारखा वास, ही भुकेची लक्षणे आहेत, मरणाची नव्हेत. उपाय सोपा आहे. उन्हाळ्यात एक भाग आंबवणाला एक भाग पीठ न घालता पाच भाग पीठ आणि पाच भाग पाणी घालावे. खाद्य अधिक असल्याने ते सावकाश आंबते. थंडीत पुन्हा सम प्रमाणावर यावे.

गुलाबी किंवा नारिंगी छटा, अथवा बुरशीची लव दिसली तर मात्र दयामाया नको. वरचा थर काढून खालचे वाचवण्याची काटकसर येथे करू नये. सगळेच फेकून बरणी उकळत्या पाण्याने धुवावी.

रोज काढले जाणारे पीठ वाया जाते, ही गृहिणींची तक्रार रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे मुळातच कमी प्रमाणात करणे. रोजच्या निगेला दहा ग्रॅम आंबवण पुरते. पहिल्या आठवड्यातले मिश्रण खाण्यात वापरू नये. आंबवण स्थिरावल्यावर निघणारे पीठ धिरड्यात किंवा थालीपिठात खपते, आणि धिरड्याला त्याची आंबूस चव शोभते.

पाव आठवड्यातून एकदाच होत असेल तर बरणी फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याला एकदा खाद्य दिले तरी चालते. पाव करायच्या आदल्या दिवशी ती बाहेर काढून दोनदा पीठ-पाणी द्यावे. महिनाभर गावी जायचे असल्यास चमचाभर आंबवण बटर पेपरवर पातळ पसरून सावलीत खडखडीत वाळवावे आणि तुकडे करून कोरड्या डबीत भरावे. परतल्यावर कोमट पाण्यात भिजवून नेहमीप्रमाणे पीठ घातले, की दोन-तीन दिवसांत बरणी पुन्हा फुगू लागते.